वजिरावर एक मत

फोनमधला तो पिवळा अंगठा दिसला की मला अजून मळमळतं. कोणाचा बाप गेला, अंगठा. कोणाला मुलगी झाली, अंगठा. उद्या कॅन्टीनला पाणी येणार नाही, अंगठा. आमच्या कारखान्याच्या ग्रुपवर वाचून कोणी अंगठा देत नाही. आधी अंगठा देतात आणि वाचायचं राहूनच जातं. पूर्वी सही न येणाऱ्याला अंगठेबहाद्दर म्हणून हसायचे. आता शिकलेसवरलेले सगळेच अंगठेबहाद्दर झालेत, हसायला कोणी उरलं नाही. माझ्या दादाचा जो सत्यानाश झाला तो ह्याच अंगठ्यांनी केला, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून केली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात उभा जन्म तपासनीस म्हणून काढला त्याने. उभा कसला, बसून. समोर पांढऱ्या उजेडाचा पडदा, त्याच्यापुढून पट्ट्यावर बाटल्या सरकतायत, आणि ह्याने नुसतं बघायचं. केसाएवढा तडा, तळाशी बुडबुडा, गळ्याला वाकडेपणा, काही दिसलं की बाटली उचलायची आणि मागच्या डब्यात फेकायची. औषधाच्या बाटल्या त्या. आत काचेचा कण राहिला तर पिणाऱ्याच्या जिवाशी गाठ. कारखान्यात त्याला 'दुर्बीण' म्हणायचे, आणि घरी आला तरी ती दुर्बीण काही डोळ्यांवरून उतरायची नाही. चहाचा कप आधी उजेडाला धरणार, मग तोंडाला लावणार. मी म्हणायचे, अरे चिनीमातीचा कप तो, आरपार काय दिसणार तुला, डोंबल? लग्नासाठी मुली बघायला गेला तेव्हा प्रत्येकीत काही ना काही काढलं. शेवटी एकीने ह्याच्यातच काढलं, आणि ते प्रकरण तिथेच मिटलं. माझं लग्न झालं, पण टिकलं नाही. मी ह्याच्याकडे परत आले, त्याच कारखान्यात पॅकिंगला लागले, आणि तेव्हापासून आम्ही दोघं एका छपराखाली भांडतोय.

तपासनिसांच्या कामात एक खोडी असते, ती सांगायला हवी. सुपरवायझर अधूनमधून गुपचूप एक फुटकी बाटली पट्ट्यावर सोडतो. तिला म्हणतात चोर बाटली. तपासनिसाने ती उचलली तर ठीक, सुटली तर पट्टा थांबतो आणि त्याची खरडपट्टी निघते. दादाच्या हातून आयुष्यात चोर बाटली सुटली नाही. निवृत्त व्हायच्या आधी तो स्वतःच नव्या पोरांसाठी त्या सोडायचा. एकदा मला म्हणाला होता, बारीक तडा सुटला तर माणूस पेंगलेला असतो. पण अर्धी बाटली फुटलेली आहे आणि तरी सुटली, तर तो पेंगलेला नसतो. त्याला ती सोडायचीच असते. मी तेव्हा भांडी घासत होते, हूं म्हटलं आणि विसरून गेले.

निवृत्त झाल्यावर त्याच्याजवळ उरली ती एक खोली. कॅन्टीनच्या मागे कामगार क्लबची लांबट खोली होती, तिथे बुद्धिबळाची टेबलं मांडलेली. संध्याकाळी पाळी सुटली की काही निवृत्त, काही कामावरचे, तिथे जमायचे. किल्ली दादाकडे. हाच उघडायचा, हाच झाडायचा, हाच मोहरे पुसायचा, आणि एखादा घोडा कानाशी चिरला असेल तर लगेच बाजूला काढायचा. मध्ये एकदा रंगकामासाठी खोली बंद होती, तेव्हा ह्याने दाढी करायची सोडली. भर दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा आणि मी जेवायला हाक मारली की वसकन अंगावर यायचा. खोली उघडली आणि माणूस पुन्हा माणसात आला. म्हणून सांगते, ती खोली गेली असती तर दादाच्या दिवसाला काही बूडच राहिलं नसतं. हे मला कळत होतं, त्याला कळत होतं, आणि कारखान्यात ज्यांना कळायला हवं त्यांनाही कळत होतं.

मग नवा मॅनेजर आला. त्याला तिथे व्यायामशाळा हवी. दिवसभर उभं राहून ज्यांचे पाय सुजतात त्यांना संध्याकाळी मशीनवर जागच्या जागी पळवायचं, ही ह्याची अक्कल. दादा धुतलेला शर्ट घालून त्याला भेटायला गेला. आधी गेटवरच्या माणसाने ओळखपत्र मागून त्याला उन्हात उभं केलं, ते वेगळंच. मॅनेजरने ऐकून घेतलं, हसला, आणि म्हणाला, काका, खेळातलं भांडण खेळातच सोडवू. एक विरुद्ध सगळे. इंटरनेटवर एक डाव. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला अख्खा कारखाना. रोज एक चाल तुमची, एक आमची. आमच्या बाजूने प्रत्येकाने आपल्या फोनवर आपली चाल दाबायची, जिला जास्त मतं तीच खेळली जाणार. तुम्ही जिंकलात तर खोली तुमची, मी शब्द देतो.

दादा घरी आला तो हवेत तरंगतच. मी म्हटलं, एवढे सगळे मिळून एका म्हाताऱ्याच्या अंगावर जायचं, ह्याला खेळ म्हणतात होय? तो म्हणाला, "गर्दीला डोकं नसतं. घाबरायचं ते फिटरला." फिटर म्हणजे त्याचा रोजचा जोडीदार, मशीन दुरुस्त करणारा, अजून नोकरीत असलेला. दोघं वर्षानुवर्षं एकमेकांची खोड मोडत बसलेले.

आता माझी पंचाईत बघा. मी कामावर, म्हणजे मीही अख्ख्या कारखान्यातली. टीमचा ग्रुप माझ्या फोनवर, आणि दादा माझ्या ताटासमोर. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं, "तुमच्यात काय चाललंय ते मला सांगायचं नाही. आणि मत द्यायचं झालं तर नीट दे, नाहीतर देऊच नको." मी दिलंच नाही. मला मोहऱ्यांची नावं येतात आणि घोडा अडीच घरं जातो एवढं माहीत आहे. त्याच्यापुढे माझ्या ज्ञानाची गाडी कधी गेली नाही.

सुरुवातीचे दिवस मात्र झकास गेले, खोटं कशाला बोलू. फिटर ग्रुपवर चाल सुचवायचा, का ते समजावून सांगायचा, चारजण त्याच्याशी हुज्जत घालायचे, बाकीचे अंगठे. पण चाली चांगल्या पडत होत्या. दादाने लाकडी पट खिडकीजवळच्या जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवला, आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो. टीमची चाल आली की तो पटावर ती लावायचा आणि फिटरला शिव्या घालायचा. लुच्चा, चोरटा, हत्ती कुठे आणून ठेवलाय बघ. त्या शिव्या ऐकून मला कळायचं की आज डाव रंगलाय. एकदा तर त्याची बाजू इतकी अडचणीत आली की रात्रीचं जेवण गेलं नाही त्याला, आणि तरी चेहरा असा की कोणी बक्षीस दिलंय.

मग वरच्या ऑफिसातून कोणी मोठे साहेब येऊन गेले. त्यांना ही म्हातारा विरुद्ध कारखाना भानगड फारच गोड वाटली. ते गेले आणि आमच्या एचआरच्या बाईने ग्रुपवर निरोप टाकला. ह्या बाईला आम्ही पॅकिंगमध्ये गोडबोली म्हणतो. तोंडात साखर, आणि रजेचा अर्ज घेऊन जा, मग कळतं. तिने लिहिलं होतं की आपल्या सगळ्यांच्या लाडक्या दादांना आपण सगळे मिळून जिंकवू या, मोठे साहेब स्वतः बक्षीस द्यायला येणार आहेत, कंपनीच्या मासिकात फोटो येणार आहे, आणि दादांना कोणी काही सांगू नये, सरप्राइज आहे. खाली बदाम, फुलं, आणि अंगठे. अंगठ्यावर अंगठा. मी खोक्याला पट्टी लावत होते, हात तिथेच थांबला.

लाडके म्हणे. गेटवर उन्हात उभे करता तेव्हा कुठे जातो लाड? जिंकवू या. जिंकवतात ते लहान मुलाला, ते रडून घर डोक्यावर घेऊ नये म्हणून. ज्याने ह्यांच्या प्रत्येक बाटलीमागे डोळे झिजवले त्याला ह्यांनी कडेवर घ्यायला काढलं.

मी तशीच मशीनखान्यात गेले आणि फिटरला गाठलं. तो ऑइलने काळे झालेले हात पुसत उभा राहिला. मी त्याला विचारलं की तुम्हीसुद्धा अंगठा दिलात? तो खाली बघून म्हणाला, "खोली वाचतेय ना, ताई? मग तुम्ही कशाला खोडा घालता?"

आणि खरं सांगते, मला सगळ्यात जास्त किळस आली ती ह्याची, की त्याचं बोलणं खोडता येईना. खोली वाचत होतीच. मला ती वाचायला हवी होती. दादाने पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडलेलं मला बघवलं नसतं. शिवाय त्याचीच ताकीद होती, काही सांगायचं नाही. बरं झालं, म्हटलं मनात, आणि तोंड कडू करून परत खोक्यांना पट्ट्या लावू लागले. अळीमिळी गुपचिळी.

दुसऱ्या दिवसापासून टीमच्या चाली नासल्या. दादाने पहिली चाल लावली आणि पटाकडे बघत म्हणाला, फिटर आजारी आहे का? मी म्हटलं, नाही, धडधाकट आहे, आणि उठून गॅस बारीक केला, जो आधीच बारीक होता. पुढच्या दिवशी त्यांनी एक उंट फुकट घालवला. त्याच्या पुढच्या दिवशी हत्ती कोपऱ्यात नेऊन बसवला, जिथे त्याला काही कामच नाही. दादाच्या शिव्या बंद झाल्या. मला विचारलं मात्र नाही त्याने काही. स्वतःच घातलेला नियम, तो कसा मोडेल? मारलेले मोहरे एकेक करून हातात घ्यायचा, खिडकीच्या उजेडाला धरायचा आणि खाली ठेवायचा. मांडीवरचं ताट निवायचं. मी चार वेळा बोलायला तोंड उघडलं आणि चारही वेळा 'मीठ बरोबर आहे ना' एवढंच विचारलं.

मग एका संध्याकाळी त्याने फोनवर आपली चाल दाबली, पटावर तीच चाल लावली, आणि अंघोळीला निघून गेला. मी ताट उचलायला गेले तर बघते काय, ह्याचा वजीर थेट त्यांच्या घोड्याच्या तोंडात. मी बोटाने घरं मोजली, अडीच. परत मोजली. अडीचच. कपाळ माझं. मला वाटलं, डोळे गेले ह्याचे. ज्याला केसाएवढा तडा दिसायचा त्याला स्वतःचा वजीर दिसेना. खुर्चीवर बसून राहिले तिथेच. एवढा मोठा मोहरा, आणि माझ्यासारखीला दिसतोय.

सकाळी ग्रुप उघडला. मला वाटलं होतं निदान थोडी चलबिचल असेल. गोडबोलीने लिहिलं होतं, दादांचा वजीर चुकून तिथे लागलाय, कोणीही मारू नका हं, प्यादं एक घर पुढे करा. शेवटी हसरा चेहरा. खाली अंगठे. वरचा मजला, खालचा मजला, भट्टीवाले, स्टोअरवाले, ज्यांना प्यादं कशाशी खातात ते माहीत नाही तेही. फिटरचाही अंगठा होता. मी तो दोनदा बघितला.

माझं अंग शहारलं. पाल पायावरून गेली की होतं तसं. ह्यांच्यापैकी एकाला तरी लाज वाटावी. एवढ्या मोठ्या कारखान्यात एक माणूस असा नाही जो म्हणेल, वजीर मोकळा आहे, मारा. दादाने ह्यांना बरोबरीचं समजून पट मांडला होता, आणि हे त्याचा डोळा चुकला म्हणून लहान पोरासारखे त्याचे गाल कुरवाळत होते. त्या क्षणी मला खोली दिसेना, भिंत दिसेना, काही दिसेना. मत द्यायचं झालं तर नीट दे, असं म्हणाला होता ना? मी खोक्याआड उभी राहिले, साइट उघडली, त्यांच्या नव्हे, आमच्या घोड्यावर बोट ठेवलं आणि वजिरावर नेलं. घोड्याने वजीर मारा. दाबलं. एका मताने होणार काय होतं म्हणा. पण हात धुतल्यासारखं वाटलं.

थोड्याच वेळात गोडबोलीचा मला एकटीला निरोप. ताई, चुकून दाबलं गेलं का? बदलता येतं. डाव चालवायला हिच्याकडे, म्हणून कोणी काय दाबलं ते हिला नावानिशी दिसायचं; म्हणजे ही बया मतं मोजत बसली होती. मी उत्तर दिलं नाही. अंगठासुद्धा दिला नाही.

संध्याकाळी घरी आले तर दादा फोन समोर ठेवून बसलेला. टीमची चाल आली होती, प्यादं एक घर पुढे. साइटवर चाल झाली की कोणत्या चालीला किती मतं ते सगळ्यांना दिसतं, नावं तेवढी नाही; त्यालाही दिसत होतं. तो शांत होता. मला म्हणाला, "चोर बाटली सोडली होती मी." मग भांडी घासताना ऐकलेलं सगळं माझ्या डोक्यात एकदम जागं झालं. अर्धी बाटली फुटलेली, आणि तरी सुटली.

मी म्हटलं, अरे पण त्यांनी मारला असता तर? खोली गेली असती. तो म्हणाला, गेली असती. मग मी म्हटलं, आणि आता मारला नाही, तर तू जिंकशील, खोली राहील, मग बस ना गप्प. तो म्हणाला, "कोणाशी जिंकू? समोर कोणी बसलंच नाहीये." आणि त्याने फोन उचलला, हार मान्य असं जे बटन असतं ते शोधलं, चष्मा वर करून नीट वाचलं, आणि दाबलं.

दुसऱ्या दिवशी गोडबोली आणि मॅनेजर आमच्या दारात, हातात फुलांचा गुच्छ. दादांच्या हातून चुकून दाबलं गेलं असणार, आम्ही सांगून डाव परत चालू करून देतो, असं मॅनेजर म्हणत होता. चुकून, चुकून. ह्या लोकांच्या मते जगात कोणी काही मुद्दाम करतच नाही. दादाने त्यांना बसा म्हटलं, पाणी दिलं, आणि म्हणाला, "फुटकी बाटली होती. मी काढली." मॅनेजरने गोडबोलीकडे बघितलं, गोडबोलीने गुच्छाकडे. दोघांच्या डोक्यात काडीचा उजेड पडला नाही. जाताना मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला की मग नियमाप्रमाणे खोलीचं आता बघावं लागेल. मी म्हटलं, बघा, आणि गुच्छ घेऊन जा. तरी ठेवून गेले मेले.

खोली गेली. तिथे आता मशीन आहेत, आणि त्यांच्यावर टॉवेल वाळत असतात. किल्ली दादाने स्वतः नेऊन दिली. फिटर एकदा दारापर्यंत आला, चौकटीला धरून उभा राहिला. दादाने त्याला आत ये म्हटलं, चहा प्यायला लावला, हवापाण्याचं बोलला. पटाचं नाव दोघांनी काढलं नाही. फिटर लवकर उठला आणि परत आला नाही. आणि ऐका, ह्याच्यावर कडी म्हणजे, महिनाअखेरीला कंपनीचं मासिक आलं. ते आधीच छापून झालं होतं म्हणे. आत दादाचा जुना फोटो, आणि वर मोठ्या अक्षरांत, 'आमच्या लाडक्या दादांचा विजय'. ग्रुपवरही तो फोटो आला. अंगठे किती ते मी मोजले नाहीत. मी ते मासिक गळक्या तेलाच्या डब्याखाली घातलं, अजून तिथेच आहे.

दादा पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडू लागला. दाढी वाढली. एका रविवारी मी त्याच्या उशाशी चहा ठेवला तेव्हा भिंतीकडेच बघत म्हणाला, "त्या दिवशी वजिरावर एक मत पडलं होतं. कोणाचं होतं ते?"

मी म्हटलं, "माझं."

तो वळला. म्हणाला, तुला तर खेळता येत नाही. मी म्हटलं, नाही येत. घोडा अडीच घरं जातो एवढं येतं. दिसलं ते दाबलं. तुझे डोळे गेले असं वाटलं मला, पण म्हणून काय त्यांच्यासारखं कुरवाळायचं? त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. बाटलीकडे बघायचा तसं. मग उठून बसला.

"म्हणजे मी हरलो ते तुझ्याकडून," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा जरा सैल झाला.

मी म्हटलं, चल, मला काय डोंबल कळतं त्यातलं. पण त्याने तोवर पट टेबलावर आणला होता. मोहरे पुसले, एकेक उजेडाला धरला, मांडले, आणि पांढरे माझ्याकडे सरकवले. मी सपाटून हरले. मध्ये दोनदा म्हटलं, थांब, चुकले, ही चाल परत घेते. त्याने एकही घेऊ दिली नाही.